रंग आधी आला

१

फकीरभाई तांबोळी दौंडच्या रेल्वे यार्डात चौतीस वर्षं सांधेवाले होते, रूळ बदलून गाड्या वळवणारे. गाडी उशिरा येते, हे त्यांनी जन्मभर पाहिलं आणि जन्मभर माफ केलं. लवकर आलेली गाडी मात्र त्यांनी कधीच माफ केली नाही. ते म्हणायचे, "उशिरा आलेल्या गाडीनं मानूस वैतागतो. लवकर आलेल्या गाडीखाली मानूस जातो."

रिटायर झाल्यावर ते घरी बसून कुकरच्या शिट्ट्यांमधलं अंतर मोजायला लागले. दोन शिट्ट्यांमध्ये काल तीन मिनिटं होती आणि आज चार, म्हणजे डाळ बदलली की गॅस, असं बायकोला विचारायला लागले. तेव्हा सुलतानबीनंच शिरूरच्या करुणा मॅडमना गाठलं. मॅडमची पाण्याची प्रयोगशाळा होती. कारखान्यांचं सांडपाणी गटारात कसं जातंय, त्याचे नमुने आणून तपासायचं काम त्यांच्याकडं असायचं. सुलतानबी म्हणाली, "यांना कुठल्याही गटाराजवळ बसवा, फक्त घरात नको."

अशा रीतीनं फकीरभाई वयाच्या एकसष्टाव्या वर्षी गटाराच्या नोकरीला लागले. काम त्यांना झकास आवडलं. चेंबरचं झाकण काढायचं, दोरीनं बाटली सोडायची, चिठ्ठीवर वेळ लिहायची, बाटली बर्फाच्या पेटीत ठेवायची. वेळ ते सेकंदासकट लिहीत. सेकंदाला चिठ्ठीवर जागा नव्हती, म्हणून समासात लिहीत.

जोडीला निमोण्याची सविता होती. चाळिशीची बाई, स्कूटीवर पेटी बांधून तालुकाभर हिंडणारी. नवीन गमबूट मिळाले तेव्हा दोघांचे सारखेच निघाले, म्हणून तिनं नेलपॉलिशनं आपल्या दोन्ही बुटांवर 'स' काढून टाकला होता.

२

गावाबाहेर एक साबणाचा कारखाना होता. मोगऱ्याच्या वासाचा साबण. कारखान्याचं म्हणणं, आमचं पाणी आम्ही शुद्ध करतो आणि आमच्याच बागेला घालतो, गावच्या गटारात थेंबसुद्धा सोडत नाही. पण गावातल्या चेंबरांतून कमरेएवढा फेस वर येत होता आणि गटाराला मोगऱ्याचा वास सुटला होता. निम्म्या लोकांनी तक्रार केली. उरलेल्या निम्म्यांनी गोधड्या धुऊन घेतल्या.

खरं-खोटं करायला रंगाची चाचणी ठरली. कारखान्याच्या मागच्या भिंतीबाहेर एक जुनं चेंबर होतं. झाकण फुटलेलं, वर बाभळीच्या फांद्या टाकलेल्या. कारखाना म्हणायचा, ते बंद आहे, कुठंच जात नाही. त्यात चमचाभर पूड टाकायची, पाणी पोपटासारखं हिरवं होतं, आणि ते हिरवं पाणी सव्वा किलोमीटर खाली, रेल्वेच्या भिंतीजवळच्या चेंबरात दिसतंय का बघायचं. दिसलं, तर कारखाना खोटा. उतार बघता पाण्याला बावीस मिनिटं लागायला हवी होती.

वरच्या चेंबरावर सविता गेली. खालच्यावर फकीरभाई, घडीचं स्टूल मांडून. शेजारी गेणबाचं पंक्चरचं दुकान होतं, म्हणजे एक पत्रा आणि एक घमेलं. सत्तरीचा गेणबा दिवसभर त्या घमेल्यातल्या पाण्यात ट्यूब बुडवून बुडबुडे बघायचा.

सवितानं अकरा वीसला पूड टाकायची, असं ठरलं होतं. म्हणजे रंग अकरा बेचाळीसला.

अकरा वाजून नऊ मिनिटांनी चेंबरातलं पाणी हिरवंगार झालं.

फकीरभाईंनी फोन लावला. "सविता, टाकला का गं?"

"न्हाई चाचा. अकरा वीस म्हनलाय ना तुम्ही? आत्ताशी पाकीट काढतीय."

"मग हितं हिरवं काय आलंय?"

गेणबा ट्यूबवरून मान न उचलता म्हणाला, "पालक धुतला असंल कुनीतरी."

हिरवं पाणी चार मिनिटं वाहिलं आणि थांबलं. अकरा वीसला सवितानं पूड टाकली. अकरा बेचाळीसला खाली काही आलं नाही. बाराला नाही, एकला नाही.

फकीरभाईंनी जे झालं ते लिहिलं. टाकण्याची वेळ ११.२०. दिसण्याची वेळ ११.०९.

संध्याकाळी करुणा मॅडमचा फोन आला. "फकीरभाई, दोन्ही वेळा तुम्ही उलट्या लिहिल्यात."

"न्हाई मॅडम. तशाच हायेत."

"अहो, पण पाण्याला लागलेला वेळ उणे अकरा मिनिटं येतोय. कॉम्प्युटर घेत नाहीये. लाल होतोय."

"त्याचं बराबर हाय," फकीरभाई म्हणाले. "मी बी लाल झालो व्हतो."

३

रात्री त्यांनी नीट विचार केला. घड्याळ चुकलं असेल, हा पहिला विचार. सकाळी स्टेशनवर जाऊन त्यांनी ते मिळवून पाहिलं. घड्याळ बरोबर होतं, स्टेशनचं चार सेकंद पुढं होतं. ते मास्तरांना सांगून आले. दुसरा विचार, वर आणखी कुणी रंग टाकला असेल. पण ही पूड शिरूरहून येत होती, पाकिटं सील केलेली, आणि तिसऱ्या माणसाला चाचणीची कल्पनाच नव्हती. तिसरा विचार त्यांनी केला नाही.

चाचणी परत घेतली. या वेळी सवितानं वर पोचल्यावर सील न फोडलेल्या पाकिटाचा फोटो काढून पाठवायचा, असं ठरलं. दहा पस्तीसला तिचा फोटो आला. पाकीट, त्यावरचं सील, मागं बाभळीच्या फांद्या. फकीरभाईंनी फोन हातात धरला आणि चेंबरात वाकून पाहिलं. खाली पाणी हिरवं होतं.

ते बराच वेळ एकदा फोटोकडं आणि एकदा पाण्याकडं बघत राहिले.

"आज पालक का?" गेणबानं विचारलं.

तिसऱ्या खेपेला फकीरभाईंनी डाव टाकला. पावणेदहालाच खाली हिरवं आलं. त्यांनी लगेच फोन केला. "सविता, रंग टाकू नको."

"व्हय?"

"अजिबात टाकायचा न्हाई. पाकीट घेऊन सरळ हिकडं ये. बघू, न टाकलेला रंग कसा येतोय ते."

सविताला हे पटलं. तिनं पाकीट स्कूटीच्या पुढच्या कप्प्यात ठेवलं, गाडी वळवली, आणि त्याच वेळी उसाचा ट्रॅक्टर कच्च्या रस्त्यावरून मागं आला. तिनं हँडल फिरवलं, स्कूटी चेंबराच्या कठड्याला घासली, ती स्वतः बाभळीला धरून उभी राहिली. पाकीट कप्प्यातून उडालं. आजूबाजूला तीन एकर मोकळं रान होतं. पाकीट फांद्यांमधल्या वीतभर फटीतून बरोबर चेंबरात गेलं.

"चाचा," तिनं फोनवर सांगितलं, "मी न्हाई टाकला. त्यो गेला."

चौतीस वर्षांत फकीरभाईंनी हजारो गाड्या आधी सुटताना आणि मग पोचताना पाहिल्या होत्या. ही गाडी आधी पोचत होती. आणि एकदा पोचली म्हणजे तिला सुटावंच लागत होतं, कुणी हिरवा बावटा दाखवो न दाखवो.

४

कारखान्याचे मॅनेजर विश्वजीत साहेब या निकालावर फार खूश झाले. त्यांनी मॅडमना फोन करून सांगितलं, "पाहिलंत? आमच्याकडं रंग टाकायच्या आधीच तुमच्याकडं आला. म्हणजे तो आमचा असणं शक्यच नाही. आम्ही शिस्तीत काम करणारी माणसं आहोत." तरीही मॅडमनी पंधरा दिवस रोज वरचा आणि खालचा नमुना घ्यायला सांगितलं.

दुसऱ्याच दिवशी खालच्या चेंबरात बूट आला.

काळा गमबूट, डाव्या पायाचा. फेसावर आडवा होऊन आला, एक गिरकी घेतली, आणि वळताना त्याच्यावरचा लाल 'स' फकीरभाईंना स्वच्छ दिसला. मग तो पुढच्या पाइपात शिरून निघून गेला.

त्यांनी लगेच फोन लावला. "सविता, तुझ्या पायात बूट हायेत का?"

"हायेत की."

"दोन्ही?"

"चाचा, सकाळपासनं बरं हाय ना तुम्हाला?"

"तू कुठं हुबी हायेस?"

"चेंबराच्या कडंला. बाटली सोडतीय."

"बाटली सोडून दे. दोरी बी सोड. मागं सरक आन् खाली बस."

"गवतात इंचू असत्यात."

"इंचू चालंल. बस."

त्यांनी गेणबाची सायकल न विचारता उचलली आणि सव्वा किलोमीटर चढ असा मारला की वर पोचल्यावर पाच मिनिटं त्यांना बोलताच येईना. सविता चेंबरापासून वीस पावलांवर मांडी घालून बसली होती. त्यांनी तिला सगळं सांगितलं. ती आधी हसली. मग पाकिटाची आठवण झाली आणि तिचं हसू गेलं.

"म्हंजी मी पडनार," ती म्हणाली. "आज न्हाई तर उद्या. तुम्ही कितीबी लांब बसवा, एखादा ट्रॅक्टर येनारच."

तिची मुलगी अक्षदा शिरूरला बारावीत होती. सविता फोन उघडून तिचा फोटो बघत बसली. फकीरभाई शेजारी उकिडवे बसले. मग ते हळूहळू म्हणाले, "हे बघ. म्या काय बघितलं? बूट बघितला. बुटात पाय व्हता असं म्या कुठं बघितलं?"

सवितानं फोन खाली ठेवला.

"बूट यायचा व्हता, बूट आला. आता त्येला हितनं सुटायला पायजे, येवढंच. पाय तुझा हाय. त्यो कशाला पाठवायचा?"

तिनं डावा बूट काढला. कडेला जायची दोघांचीही हिंमत नव्हती, म्हणून वीस पावलांवरूनच फेकायचं ठरलं. पहिला नेम बाभळीला लागला. फकीरभाईंनी काठीनं बूट ओढून आणला. दुसरा कारखान्याच्या भिंतीवरून आत गेला, आणि वॉचमननं तो परत द्यायच्या आधी गेटच्या वहीत 'बूट, नग एक, आवक' अशी नोंद केली. तिसऱ्यांदा सवितानं डोळे मिटले, निमोण्याच्या देवीचं नाव घेतलं, आणि बूट चेंबरात गेला. आत पाण्याचा 'गुळुक' असा आवाज झाला.

दोघं थांबली. ट्रॅक्टर आला नाही, वारं सुटलं नाही. सवितानं पायाची बोटं हलवून पाहिली आणि हसता हसता ओढणीनं डोळे पुसले. घरी जाताना ती एका पायात बूट आणि एका पायात फकीरभाईंची चप्पल घालून गेली. फकीरभाई अर्धे अनवाणी गेणबाची सायकल परत द्यायला गेले.

५

शेवटी मॅडमनी अहवाल दिला. वेळेचा रकाना त्यांनी मोकळा सोडला आणि फक्त लिहिलं, 'वरचा रंग खाली आढळला.' तेवढं पुरे होतं. जुनं चेंबर काँक्रीटनं भरून बुजवायचा हुकूम निघाला. गवंडी आले, गाडीभर माल ओतला, वरून थापी मारून गुळगुळीत केलं. विश्वजीत साहेबांनी निषेध म्हणून गवंड्यांना चहा दिला नाही.

बारा तारखेला, काँक्रीट पक्कं झाल्यावर, शेवटची पाहणी होती. वर सविता नव्या काँक्रीटवर उभी होती. खाली फकीरभाईंनी झाकण सरकवलं. पाइप कोरडा असायला हवा होता.

आत पाणी वाहत होतं.

आधी काँक्रीटचे तुकडे आले. ताजे, करडे, एका बाजूला थापीनं गुळगुळीत केलेले. पाणी त्यांना घरंगळत आणत होतं आणि पाइपात खडखड आवाज होत होता. फकीरभाईंनी फोन कानाला लावला. "सविता, काँक्रीटला तडा गेलाय का?"

"न्हाई ओ. दगडासारखं हाय. उड्या मारून बघू?"

"नको."

मग खुर्चीचं चाक आलं. मग मोगऱ्याच्या साबणाच्या वड्या, शंभरेक, एकामागं एक, शाळेच्या रांगेसारख्या. मग भिंतीवरचं गोल घड्याळ, काच वर करून. काटे चार वाजून दहा मिनिटांवर थांबलेले. घड्याळामागून तारखेच्या कॅलेंडरचा गठ्ठा आला, रोज सकाळी पान फाडायचं असतं तसला. वरचं पान भिजून चिकटलं होतं, पण आकडा मोठा होता. एकोणीस.

तारीख आली, वेळ आली. फकीरभाईंच्या मनात आलं की रेल्वेनंसुद्धा इतकं चोख वेळापत्रक कधी दिलं नाही. तेवढ्यात पाणी थांबलं. पाइपात मोठं काहीतरी अडकावं तसं एकदम थांबलं. आणि पाइपाच्या तोंडातून एक हात बाहेर आला.

फेसानं माखलेला हात. खूप वेळ पाण्यात राहिल्यावर होते तशी पांढरी, सुरकुतलेली बोटं. तो झटापट करत नव्हता. हळूच वर झाला, तळवा वर करून, गर्दीच्या गाडीत चढणारा माणूस दारातल्या माणसाकडं हात करतो तसा.

फकीरभाईंना तो धरता आला असता. तीनच फूट खाली होता. त्यांनी झाकण ओढलं, जाग्यावर बसवलं आणि वर बसले.

खालून काही आवाज आला नाही. धक्का नाही, ठकठक नाही. फकीरभाई उन्हात तासभर त्या लोखंडावर बसून राहिले.

"मूळव्याध व्हईल," गेणबा म्हणाला.

६

दुसऱ्या दिवशी सकाळी ते आले तेव्हा झाकणाभोवतीची माती ओली होती.

"काल कुनीतरी उघडं टाकलं व्हतं," गेणबानं सांगितलं. "तुम्ही गेलात, म्या चहाला गेलो, येऊन बघतोय तर उघडं. म्हनलं, एखादं शेरडू पडायचं. म्या सरकावलं परत."

"कोन आलं व्हतं?"

"दिसलं न्हाई कोन. साबनाचे पाय उमटले व्हते. दुकानापातुर." त्यानं जरा विचार केला. "घमेल्यातलं पानी मातुर कुनीतरी प्यालं व्हतं."

फकीरभाईंनी खाली पाहिलं. माती सुकत आली होती, पाय कुठं कारखान्याच्या दिशेला गेल्यासारखे वाटत होते, कुठं नव्हते. त्यांनी ते पायानं पुसून टाकले आणि पुसल्यावर आपण असं का केलं याचं त्यांना नवल वाटलं.

सविताला त्यांनी हाताबद्दल सांगितलं. "धरायला पायजे व्हता म्या," ते म्हणाले.

सविता म्हणाली, "आता त्यो जो कोन हाय, त्यो एकोनीस तारखंला वरनं आत जानार. त्येला आत जाऊच द्यायचं न्हाई. कारखानाच रिकामा करायचा."

ती दोघं विश्वजीत साहेबांकडं गेली. साहेबांच्या खोलीत भिंतीवर गोल घड्याळ होतं. त्याच्याखाली कॅलेंडरचा गठ्ठा, आज तेरा. आणि साहेब चाकाच्या खुर्चीवर. फकीरभाईंनी त्या तिन्ही वस्तू एकदम ओळखल्या.

"एकोनीसला चार दहाला ह्यो कारखाना खाली जानार हाय, साहेब."

"कुठं खाली?"

"गटारात."

साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग ते म्हणाले, "आधी म्हणालात आमचं पाणी गटारात जातंय. आता म्हणताय कारखाना जातोय. लेखी द्या." आणि त्यांनी वॉचमनला बोलावलं.

दोघं गेटबाहेर आली. सविता म्हणाली, "चाचा, खरं सांगितलं की मानूस हलत न्हाई. एकोनीसला चार वाजता वरनं तपासनीचं पथक येनार हाय, असं नुसतं चहाच्या टपरीवर बोलू."

७

टपरीवर एकदाच बोलावं लागलं, तेही कुजबुजत.

एकोणीस तारखेला दुपारी तीनला कारखान्याचं गेट बंद झालं. बाहेर पाटी लागली, 'आज साप्ताहिक सुट्टी.' वार गुरुवार होता. सगळे कामगार रानापलीकडं हायवेच्या टपरीमागं लपवले गेले. साहेबही आले, टोपी घालून. फकीरभाई आणि सविता आधीच तिथं बाकावर बसले होते. चार वाजले. मशिनं बंद होती, धुराडं थंड होतं, आणि कारखाना उन्हात इतका साधा दिसत होता की फकीरभाईंना आपलीच लाज वाटायला लागली. एकसष्ट वर्षांच्या माणसानं एका घड्याळाचं ऐकून हातावर पोट असलेली माणसं उन्हात बसवली होती.

चार वाजून चार मिनिटांनी साहेब उठले. "माझ्या बीपीच्या गोळ्या टेबलावर राहिल्या. घेऊन आलोच."

"साहेब, थांबा जरा," फकीरभाई म्हणाले.

"दोन मिनिटं."

साहेब रान तुडवत निघाले. फकीरभाई त्यांच्यामागं धावले. चार सहा झाले. साहेबांचा वेग चांगला होता, आणि फकीरभाईंना तो हात दिसायला लागला, तळवा वर केलेला, पांढरा. एवढ्यात सविता पाठीमागून बोलली, अगदी साध्या आवाजात, पण रानात ऐकू जाईल असं. "पथकाची गाडी वळली बघा."

साहेब जागच्या जागी फिरले आणि फकीरभाईंना मागं टाकून टपरीमागं पोचले.

चार दहाला आधी आवाज आला. धडाम वगैरे नाही. तहानलेल्यानं तांब्याभर पाणी एका दमात प्यावं तसा लांबलचक घोट. मागची भिंत बसली, खाली बसावं तशी. मग साहेबांची खोली, मग टाकी, मग पत्र्याची अख्खी शेड, एकामागं एक, कुणालाही ढकलाढकली न करता. वर्षानुवर्षं चोरून सोडलेल्या पाण्यानं खालची माती कधीच नेली होती, असं नंतर इंजिनिअर म्हणाले. ते खरंही असेल. शेवटी खड्ड्यातून एक ढेकर आली आणि फेसाचा एक ढग वर चढून उसावर पसरला. सगळ्या शिवाराला मोगऱ्याचा वास सुटला.

मग साहेब हळूच म्हणाले, "पथक आत गेलं होतं का?"

८

साहेबांनी हजेरी घ्यायला सांगितली. हजेरीचं बुक साहेबांच्या पिशवीत होतं. ते तपासणीपासून लपवायच्या यादीत पहिलं होतं, म्हणून वाचलं. त्यात चव्वेचाळीस नावं होती. सवितानं एकेक नाव वाचलं आणि प्रत्येक नावाला कुणीतरी "हजर" म्हणालं. एकही नाव सुटलं नाही. फकीरभाईंच्या छातीवरचा धोंडा उतरला. कुणी आत गेलं नव्हतं. त्या हाताला आता जायला जागाच उरली नव्हती.

खात्रीसाठी तिनं डोकी मोजली. पंचेचाळीस भरली.

ती परत मोजायला लागली. साहेब धरून आणि साहेब सोडून, वॉचमन आत आणि वॉचमन बाहेर. दर वेळी एक जास्त. साहेबांनी रांग लावून प्रत्येकाचा चेहरा पाहिला. "सगळे आपलेच आहेत," ते म्हणाले. "मी रोज बघतो यांना."

"मग एक जास्त कसा काय?"

"जास्त आहे ना? कमी नाही ना?" साहेब कपाळ पुसत म्हणाले. "मग सोडा. आज मला कमी असता तर झोप लागली नसती."

सवितानं बुक मिटलं. तिनं फकीरभाईंकडं पाहिलं, फकीरभाईंनी तिच्याकडं. एक गाडी आठवड्यापूर्वीच पोचली होती, आणि सुटली मात्र नव्हती.

टपरीवाल्यानं सगळ्यांसाठी चहा टाकला. फकीरभाईंनी वाटपाचं काम घेतलं. रांग पुढं सरकत होती आणि ते मान खाली घालून एकेक पेला पुढं करत होते. तेलकट हात आले, कॉस्टिक सोड्यानं भाजलेले हात आले, मेंदी लावलेला एक आला. चव्वेचाळीस पेले मनात मोजून झाले.

मग आणखी एक हात पुढं आला. पांढरा, बोटं सुरकुतलेली, नखांच्या कडेला फेसाचे बारीक बुडबुडे. तळवा वर.

फकीरभाईंनी पेला त्या तळव्यावर ठेवला, आणि पेला पडू नये म्हणून क्षणभर आपला हात त्या बोटांवर धरला. बोटं थंडगार होती. त्यांनी हात मागं घेतला नाही. नजर त्यांनी वर नेली, मनगटापर्यंत, कोपरापर्यंत, ओल्या कॉलरपर्यंत. त्याच्या वर नेली नाही.

"टाइम काय झाला, चाचा?" त्या माणसानं विचारलं. आवाज दमलेला होता, लांबच्या प्रवासाहून आल्यासारखा.

फकीरभाईंनी घड्याळ पाहिलं. आयुष्यात त्यांनी कुणाला चुकीची वेळ सांगितली नव्हती, आणि आता सुरुवात करायची त्यांची तयारी नव्हती.

"तुमच्याकडचं मला म्हाईत न्हाई, बाबा," ते म्हणाले. "आमच्याकडं पाच वीस झालेत."

त्या माणसानं फुंकर मारून चहा गार केला आणि उभ्या उभ्या प्यायला.